खोडलेली पिशवी

सरूबाईला फोटोचा भारी राग. कुणी मोबाईल नुसता वर धरला तरी ती पदर ओढून पाठ फिरवायची. "फोटू पोलीस काढत्यात," म्हणायची. "समोरून येक, बाजूनं येक. तू पोलीस हाईस व्हय?"

मी पोलीस नाही. मी मंजुषा. मूळची पिशोरची, सध्या मुक्काम मुकुंदवाडी स्टेशनामागच्या दोन खोल्यांत. सकाळी शाळेत चित्रकला शिकवते आणि उरलेल्या दिवसात बातम्या काढते. लिहीत नाही, काढते. माणसांकडं जायचं, त्यांच्यात बसायचं, ऐकायचं, आणि ते जसे बोलले, जसे उठले-बसले, ते चौकटीचौकटीतून चितारायचं. बोलणं फुग्यात लिहायचं. माझा मित्र ऋतुराज एक मासिक चालवतो, त्यात माझी चार पानं असतात. लोक विचारतात, "म्हणजे कार्टून का?" तेव्हा डोकंच फिरतं माझं. अहो, कार्टूनमधलं मांजर कड्यावरून पडतं आणि अंग झटकून पळतं. माझ्या चौकटीतला माणूस पडला तर पडतो.

सरूबाई पवार त्या चार पानांपायीच मला भेटली. शेंद्र्याच्या कंपन्यांचं कुंपण जिथं संपतं, तिथं गायरानात फासेपारध्यांच्या सात झोपड्या आहेत. त्यातली एक तिची. वय विचारलं तर म्हणाली, "भात्तरच्या दुष्काळात शेरडामागं पळत व्हते. कर तूच हिशोब." म्हणजे साठीची. काटक बाई, हनुवटीवर गोंदण, कमरेला चंची. हंगामात खुरपणीला जायची, एरवी शिंदीच्या पानांचे झाडू बांधून विकायची. बोलायला अशी तिखट की समोरच्याला ठसका लागावा. माझी वही बघून पहिल्याच दिवशी म्हणाली, "दिसभर बसून रेघा मारते? आयनं हेच शिकवलं व्हय तुला?"

त्या दिवशी मी तिची शेळी काढत होते. शेळी हलली, पाय चुकला, मी खोडरबरानं पाय पुसून टाकला. सरूबाई झाडू खाली ठेवून माझ्याजवळ आली.

"गेलं?"

"गेलं."

"खूण बी नाय ऱ्हायली?" तिनं वही हिसकून घेतली, उन्हाला धरून आरपार बघितली. मग माझ्यापुढं फतकल मारून बसली. "मग मला काढ. आमचं नाव येकदा कागदावर चढलं की उतरत नाय. तुझ्या कागदावरनं उतरतंय. हे बरं हाय."

मला इतका आनंद झाला की ते नवं खोडरबर मी तिलाच देऊन टाकलं. तिनं ते चंचीत सुपारीशेजारी ठेवलं.

ती नाव चढायचं म्हणाली, ते उगाच नाही. इंग्रजांनी १८७१ साली कायदा करून जमातीच्या जमाती जन्मानंच गुन्हेगार ठरवल्या. आमच्याकडं निजामाचं राज्य, पण ही अक्कल निजामानंही उसनी घेतली. पारध्यानं रोज पाटलापुढं उभं राहून हजेरी लावायची, अंगठा द्यायचा, शिवेबाहेर जायचं तर चिठ्ठी मागायची. १९५२ साली कायदा गेला म्हणतात. गेला, पुस्तकातून गेला.

मी पिशोरची आहे म्हटल्यावर सरूबाई हसली. "आमचा आजा तिथंच द्यायचा हजेरी. तीन टायमाला. माझी आय सांगायची, भाकरीचा घास तोंडात घेऊन पळायचा." मी खाली मान घालून पेन्सिलीला टोक करत बसले. कारण पिशोरची ती हजेरी माझे पणजोबा घ्यायचे. पोलीस पाटील होते. आमच्या घरात अजून ही गोष्ट मिशीला पीळ देऊन सांगतात, "साठ पारधी उठायचे-बसायचे आपल्या शब्दावर!" लाज वाटण्यासारखं त्यात काही आहे, हे घरात कुणाच्या गावीही नाही.

चार फेऱ्या झाल्यावर मी हिंमत करून तिला सांगितलं. वाटलं, आता ही उठून जाईल, शिव्या घालेल. घातल्या असत्या तर बरं झालं असतं. ती झाडूची गाठ आवळत म्हणाली, "मग? लिवणाऱ्याला सांगितलं त्ये त्यानं लिवलं. तू च्या पी."

तिचा नवरा दोनदा चोरीच्या संशयावरून उचलला होता. दोन्ही वेळा सुटला. पण दुसऱ्या वेळी आला तो कमरेतून वाकलेलाच, आणि दोन वर्षांत गेला. तेव्हा तिचा एकुलता पोरगा कृष्णा पाच वर्षांचा होता. सरूबाईनं तेव्हाच ठरवलं, हा पोरगा या यादीतून बाहेर काढायचा. आश्रमशाळेत घातला. भेटायला जायची तेव्हा शाळेच्या दारातून परत यायची, आत जायची नाही. मास्तरांनी विचारलं तर पोरानं सांगायचं, आई मजुरीला असते.

तो कृष्णा आता सव्वीस वर्षांचा, शेंद्र्यातल्या एका कंपनीत कंत्राटदाराकडं हेल्पर. आडनाव पवार. पवार काय, पाटलांतही सापडतात, म्हणून कुणी खोदून विचारलं नाही आणि यानं सांगितलं नाही. तीन वर्षं गळ्यात गेटपास होता. आणि येण्या-जाण्याची रीत आईनं घालून दिलेली. कंपनीची बस गायरानाच्या फाट्यावर थांबायची, तिथं उतरायचंच नाही. एक थांबा पुढं जायचं, बस नजरेआड झाली की बांधाबांधानं उलटं चालत घरी यायचं. पावसाळ्यात गुडघाभर चिखल असायचा. तरी तसंच.

एकदा मी त्याच्यासोबत ती वाट चालले. लाजरा पोरगा, पण हसायचा गोड. हातात डब्याची पिशवी. सरूबाईनं कुठल्याशा वाढदिवसाच्या जुन्या फ्लेक्सची शिवलेली. कापताना अक्षरं तुटली होती, त्यामुळं एका अंगाला लालभडक "र्दिक शुभे" एवढंच, आणि खाली कुण्या पुढाऱ्याची मिशी आणि अर्धा गॉगल. मला हसू आवरेना. कृष्णाही हसला. "ताई, गेटवर मला नावानं कोण वळखतंय! सगळे शुभेच्छा म्हणत्यात. ए शुभेच्छा, चल बे चाय पिने."

सरूबाईनं पहिल्यापासून बजावलेलं होतं, "माझं कायबी सांग. पोराचं नाय." मी म्हटलं होतं, "मावशी, नाव लिहिणार नाही, तोंड काढणार नाही. गळ्याची शपथ." आणि खरंच लिहिलं नाही, काढलं नाही. पण शेवटची चौकट मी अख्ख्या पानाच्या रुंदीची घेतली. संध्याकाळची वेळ, बांधावरून चाललेला एक पाठमोरा पोरगा, मागं कंपनीचे पत्रे, पुढं सात झोपड्या, हातात ती पिशवी.

पेन्सिलीचा कच्चा खर्डा मी तिला दाखवायला नेला. तिला वाचता येत नाही, पण चित्र ती माझ्या ऋतुराजपेक्षा बारीक बघते. एकेका चौकटीवर बोट ठेवत गेली. आजोबाच्या हजेरीपाशी थांबली, मान हलवली. नवऱ्यापाशी थांबली, पदरानं नाक पुसलं. झोपडीत टांगलेलं देवीचं गाठोडं मी काढलेलं नाही ना, तेवढं खात्रीनं बघितलं. बाईमाणसानं त्या गाठोड्याकडं बघायचंसुद्धा नाही, असं ती मला आधीच दटावून बसली होती. मग शेवटच्या चौकटीवर आली आणि बोट पिशवीवर टेकलं.

"ही खोड."

"अगं मावशी, तोंड कुठं दिसतंय त्याचं?"

"तोंडाकडं कोण बघतंय गरिबाच्या? सारं गेट त्याला पिशवीवरनं वळखतंय. खोड म्हणते ना."

मी खोडली. तिच्या डोळ्यांदेखत. वरची भुकटी तिनं स्वतः फुंकली, कागद उन्हाला धरला, आणि समाधानानं परत दिला. "आता छाप," म्हणाली.

आता पुढचं सांगायला जीभ जड होते, पण सांगायलाच पाहिजे. घरी आले, टेबलावर पान मांडलं, आणि तो हात मला मोकळा-मोकळा दिसायला लागला. साधी थैली काढून बघितली. नुसता डबा काढून बघितला. काही काढलं तरी पानात जीव येईना. ऋतुराजला फोटो पाठवला. तो म्हणाला, "मंजे, पिशवी कुठं गेली? चित्राची जान होती ती." पण त्याच्यावर कशाला ढकलू? त्यानं नुसतं विचारलं होतं. ब्रश माझ्या हातात होता. मनात म्हटलं, पाठमोरा तर आहे, आणि शेंद्र्याच्या गेटवर मासिक वाचतंय कोण? आणि काढली. शाईनं. लालभडक "र्दिक शुभे", मिशी, गॉगल, सगळं. देवीच्या गाठोड्याला मी हात लावला नाही, कारण देवीची भीती वाटली. सरूबाईची नाही वाटली.

अंक निघाला आणि चार पानांचं फार कौतुक झालं. कुणीतरी पानांचे फोटो काढून ग्रुपवर टाकले, ते या ग्रुपवरून त्या ग्रुपवर गेले. आमच्या हेडबाईंनी स्टाफरूममध्ये सगळ्यांना दाखवले. पिशोरहून वडिलांचा फोन आला, पणजोबांचं असं का काढलं म्हणून रागावले, पण मिशी हुबेहूब जमली म्हणाले. मी हवेत होते. सरूबाईला अंक द्यायला मात्र गेले नाही. शाळेत परीक्षा आहेत, पेपर तपासायचे आहेत, असं स्वतःलाच सांगत राहिले. पेपर चित्रकलेचे, त्यात तपासायचं असतं ते काय!

बाराव्या दिवशी दुपारी अनोळखी नंबरवरून फोन आला. सरूबाई. कुणाच्या तरी मोबाईलवरून ओरडून बोलत होती. "मंजूताई, कृष्णाला नेला. गेटवरनं नेला. तू ये. तुला बोलता येतंय."

झालं होतं ते असं. कंपनीच्या स्टोअरमधून तांब्याच्या तारेचं एक रीळ गायब. सुपरवायझरच्या मोबाईलमध्ये माझं पान आठवडाभर पडलेलं. "अरे, ये तो अपने शुभेच्छा की थैली है!" म्हणून सगळ्यांनी आधी हसून घेतलेलं. रीळ गायब झाल्यावर हसू थांबलं. झोपड्या चित्रात होत्याच. पारधी हा शब्दही होता. माझ्याच अक्षरात.

ठाण्याबाहेर लिंबाखाली सरूबाई उकिडवी बसली होती. मला बघून उठली, माझा हात धरला आणि आत लोटलं. नाव सांगताच आतल्या हवालदारानं मला ओळखलं. मोबाईल काढून माझंच पान माझ्यापुढं धरलं. "हे तुम्हीच काढलं ना मॅडम? लई भारी. एकदम हुबेहूब."

"साहेब, यात चोरी कुठं दिसते तुम्हाला?"

"चोरी नाय दिसत. पण जात लपवून कामाला लागला ना? लपवणारा माणूस का लपवतो, तुम्हीच सांगा."

"तुम्ही असं उचलता म्हणून लपवतो! त्याच्यावर एक गुन्हा नाही आजपर्यंत."

"आजपर्यंत," हवालदार म्हणाला. आवाज चढला नव्हता त्याचा. चढला असता तर मला भांडता आलं असतं. मी कायदा सांगितला, वॉरंट विचारलं, ओरडले, टेबलावर हात आपटला. त्यानं पाण्याचा ग्लास पुढं सरकवला. "मॅडम, बसा. पाणी घ्या. तुमच्याच चित्रात लिवलंय ना, तुमचे पणजोबा पिशोरला हजेरी घ्यायचे? मग तुमाला तर म्हाईतच हाय." मी पाणी प्याले. लाज नावाची गोष्ट असती तर तो ग्लास फेकून दिला असता, पण तोंड कोरडं पडलं होतं आणि मी ते पाणी प्याले.

बाहेर आले तर सरूबाईनं विचारलं, "काय म्हणले?" मी म्हटलं, "बघतो म्हणाले." तिनं मान डोलावली. हे "बघतो" तिनं नवऱ्याच्या वेळीही ऐकलेलं असणार.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी कृष्णाला सोडला. मार दिसत नव्हता, पण तो माझ्याकडं बघत नव्हता. पाचव्या दिवशी ते रीळ सापडलं, कंपनीच्याच दुसऱ्या शेडमध्ये. कुणीतरी चुकून तिकडं उतरवून घेतलं होतं. चोर सोडून संन्याशाला सुळी म्हणतात. इथं तर चोरीच झाली नव्हती. मला वाटलं, चला, आता तरी सुटलं. मी कंत्राटदाराकडं गेले. तो गोड बोलला. "पोरगा चांगलाय हो. पण आता बाकीची लेबर तयार नाय त्याच्यासंगं. बघू, कळवतो." गेटपास परत मिळाला नाही.

आणि ठाण्यातून सांगणं आलं, कृष्णानं दर रविवारी दहा वाजता येऊन तोंड दाखवून जायचं. मी वकिलाकडं धावले. वकिलानं सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "ऑर्डर कुठाय?" म्हटलं, तोंडी आहे. "कागदच नाही तर मी भांडू कशाशी, ताई?" एवढं बोलून तो चष्मा पुसत बसला. ऋतुराज म्हणाला, यावर दुसरा भाग कर. मी त्याला जे बोलले ते इथं लिहिण्यासारखं नाही. करायला गेले गणपती आणि झालं माकड, असं म्हणून हसण्यावारी नेण्याइतकं हे लहान नाही. एका बाईनं वीस वर्षं खपून पोराला एका यादीतून बाहेर काढलं आणि मी एका संध्याकाळी, चित्र चांगलं दिसावं म्हणून, त्याला परत आत घातला. याला माझ्याकडं दुसरं नाव नाही.

परवाच्या रविवारी सकाळी दार वाजलं. सरूबाई उभी. शहरात माझ्या घरी ती कधीच आली नव्हती. विचारत विचारत आली म्हणाली. पाणी दिलं तर नको म्हणाली. खुर्ची दिली तर खाली बसली. ब्लाउजमधून घडी घातलेला कागद काढला आणि फरशीवर पसरला. माझं चौथं पान. कुणीतरी कंपनीच्या गेटवर चिकटवलं होतं, कृष्णानं सोलून आणलेलं, चारी कोपऱ्यांना वाळलेली खळ. पिशवीच्या जागी कागद घासून घासून पांढुरका झालेला. तरी लाल अक्षरं दिसत होती.

मग तिनं चंची उघडली आणि मी दिलेलं खोडरबर काढलं. झिजून पावट्याएवढं उरलं होतं.

"जात नाय," ती म्हणाली. "लई घासलं. तुझ्या हाताला गुण हाय. तुझ्या हातानं गेली व्हती."

"मावशी, ते पेन्सिलीचं होतं. हे छापलेलं आहे. हे जात नाही."

"पर तवा तू खोडली व्हती. माझ्यासमोर. भुकटी मीच फुकली." तिनं बोट पिशवीवर ठेवलं, त्या दिवशी ठेवलं होतं तसंच. "मग परत आली कशी? छापणाऱ्यानं काढली व्हय?"

व्हय म्हणाले असते तर तिनं मानलं असतं. छापणारा तिनं कधी बघितलेला नाही, बघणारही नाही. शब्द माझ्या ओठावर आला होता, हे कबूल करते.

"मीच काढली, मावशी. घरी येऊन. चांगली दिसत होती म्हणून."

ती माझ्याकडं बघत राहिली. मला वाटलं आता थोबाडीत देईल. मी गाल पुढं करून बसले होते म्हटलं तरी चालेल. तिनं माझा हात ओढला, ते पावट्याएवढं रबर तळव्यावर ठेवलं आणि माझी बोटं त्यावर मिटवली.

"मग तूच खोड," म्हणाली.

"मावशी..."

"खोड. मला घाई नाय. धाची हजेरी देऊन त्यो बारापत्तुर घरी येतो. आता फाट्यावरच उतरतो, पुढं जात नाय." आणि भिंतीला टेकून, गुडघे जवळ घेऊन, ती माझ्या हाताकडं बघत बसली.

मी खोडायला लागले.